फिलाडेल्फियाचा ‘स्पाज’ : शनिवार रात्रीच्या बास्केटबॉल क्लबबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘स्पाज’ हे कसलं नाव?

साउथ फिलाडेल्फिया हिब्रू असोसिएशन या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. लिहिताना अक्षरं मोठी, उच्चार मात्र ‘स्पाज’. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 1920 ते 1950 या काळात बास्केटबॉल पाहणाऱ्या कुणालाही हे नाव सांगावं लागत नसे. संघाच्या बनियनवर सामेख, पे, हे, आलेफ ही चार हिब्रू अक्षरं आणि दाविदाचा सहा टोकांचा तारा, म्हणजे ज्यूंची खूण, असे. अक्षरं वाचता आली नाहीत तरी हा संघ कुणाचा, हे मैदानात शिरल्या शिरल्या सगळ्यांना कळत असे. कळावं अशीच खेळाडूंची इच्छा होती.

गंमत म्हणजे ज्या संस्थेचं नाव छातीवर होतं, तिने थोड्याच वर्षांत या मुलांचा हात सोडला. बनियनचे पैसे बंद झाले, नाव मात्र पुढे जवळजवळ चार दशकं टिकलं.

क्लब सुरू कसा झाला?

एडी गॉटलिब, हॅरी पॅसन आणि ह्युई ब्लॅक हे साउथ फिलाडेल्फिया हायस्कूलमधले मित्र. शाळा संपली तरी एकत्र खेळायचं थांबवायचं नव्हतं, म्हणून 1917 च्या सुमारास त्यांनी आपला संघ काढला. आधी ज्यू तरुणांच्या एका संस्थेने आधार दिला, पण त्यांना हा खेळ फार धसमुसळा वाटू लागला. मग फोर्थ आणि रीड या रस्त्यांच्या नाक्यावरची हिब्रू असोसिएशन पुढे आली आणि तिने गणवेश दिले.

तिन्ही मित्रांनी खेळाच्या सामानाचं दुकानही काढलं. पॅसन, गॉटलिब, ब्लॅक यांच्या आद्याक्षरांवरून ‘पीजीबी’ असं त्याचं नाव ठेवलं. आपल्याकडे तालमीतल्या दोस्तांनी मिळून गावात दुकान टाकावं आणि मागच्या खोलीत स्पर्धेचे बेत चालावेत, तसाच हा प्रकार.

पहिली बरीच वर्षं स्वतःचं कोर्ट नव्हतं. जिथे बोलावणं येईल तिथे जायचं आणि खेळायचं. त्यावरून लोक त्यांना ‘भटके ज्यू’ म्हणत.

अर्ध-व्यावसायिक म्हणजे नेमकं काय? पगार मिळत असे की नाही?

पैसे मिळत, पण प्रत्येक सामन्याचे वेगळे, आणि घर चालावं एवढे नाहीत. त्यामुळे दिवसा दुसरा व्यवसाय आणि रात्री व शनिवार-रविवारी बास्केटबॉल, अशी बहुतेकांची रीत होती. गॉटलिब स्वतः शिक्षक होण्यासाठी शिकला होता. हॅरी लिटवॅक खेळाडू असतानाच टेम्पल विद्यापीठात प्रशिक्षणाचं काम करू लागला. शिकी गॉथॉफर, मो गोल्डमन यांच्यासारखे न्यूयॉर्ककडचे खेळाडू सामन्यापुरते फिलाडेल्फियाला यायचे आणि परत जायचे.

मुंबईत बँका, रेल्वे आणि कंपन्या यांचे कबड्डी-खोखोचे संघ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे जग अर्धंमुर्धं ओळखीचं वाटेल. एक फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडे खेळामुळे नोकरी लागत असे आणि तीच कंपनी सामन्यासाठी रजाही देत असे. इथे नोकरी आणि खेळ यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. सोमवारी सकाळी कामावर हजर राहायचं म्हणजे राहायचं, रविवारी रात्री कुठल्या गावात कोपर लागून ओठ फाटला याच्याशी साहेबाला काही घेणं नसे.

‘अर्ध-व्यावसायिक’ या शब्दात ‘अर्ध’ आहे म्हणून काही वाचक खेळही अर्धाच समजतात. तसं अजिबात नव्हतं. त्या काळी अमेरिकेत बास्केटबॉल खेळून पूर्ण पोट भरणारे मूठभरच होते. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी कित्येकजण याच पद्धतीने खेळत.

ज्यू मुलं बास्केटबॉलकडेच का वळली?

कारण साउथ फिलाडेल्फियात दुसऱ्या खेळाला जागाच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला रशियन साम्राज्यातून आलेली हजारो ज्यू कुटुंबं तिथल्या अरुंद गल्ल्यांत एकमेकांना लागून असलेल्या घरांत राहत होती. बेसबॉलला मोठं मैदान लागतं, अमेरिकन फुटबॉलला सामान लागतं. बास्केटबॉलला एक चेंडू आणि उंचावर टांगायला काहीतरी एवढंच पुरतं. खांबावर फळांची टोपली बांधली की कोर्ट तयार. गिरणगावात चाळीच्या पॅसेजमध्ये क्रिकेट ज्या कारणाने रुजलं, त्याच कारणाने हा खेळ तिथे रुजला.

शिवाय खेळ नवा होता. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे तो तयार केला. त्यामुळे ‘हा आमचा खेळ, तुम्ही बाहेरचे’ असं म्हणायला कुणाकडे पिढ्यांचा वारसा नव्हता. नुकत्याच आलेल्यांसाठी हे दार उघडं होतं.

1930 च्या दशकात एका नावाजलेल्या अमेरिकन क्रीडालेखकाने वेगळंच कारण मांडलं. ज्यूंचा स्वभावच चतुर आणि डावपेची, म्हणून त्यांना हा खेळ जमतो, असं त्याने लिहिलं. असलं लिखाण वाचताना आजही चीड येते. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी खांबावरच्या टोपलीत चेंडू टाकून कमावलेलं कसब त्याने एका वाक्यात रक्ताच्या खात्यावर टाकलं. नंतर दुसऱ्या समाजांची मुलं त्याच शहरांत, तशाच गल्ल्यांतून पुढे आली, तेव्हा त्यांच्याही बाबतीत लोकांनी हेच केलं.

शनिवारची रात्र एवढी प्रसिद्ध का?

या क्लबबद्दल एकच गोष्ट सांगायची मुभा मिळाली, तर मी हीच सांगेन.

स्पाजला अखेर घर मिळालं ते ब्रॉड आणि वुड या रस्त्यांच्या नाक्यावरच्या ब्रॉडवुड हॉटेलात. तिथलं कोर्ट म्हणजे हॉटेलचा नाचाचा दिवाणखाना. सामने शनिवारी रात्री होत. ज्यू धर्मात शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. आपल्या कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत आणि त्यावरून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते याच शब्बाथामुळे. सूर्य मावळला, शब्बाथ संपला, की फिलाडेल्फियातली तरुण मंडळी ठेवणीतले कपडे घालून ब्रॉडवुडकडे निघत.

तिकीट पुरुषांना 65 सेंट, स्त्रियांना 35. एवढ्या पैशात दोन गोष्टी मिळत. आधी सामना आणि सामना संपला की त्याच फरशीवर नाच. संघातला गिल फिच हा खेळाडू शेवटची शिट्टी वाजली की पळत आत जाई, अंग धुऊन सूट चढवी आणि थोड्याच वेळात वाद्यवृंदासमोर उभा राही. घाम पुरता सुकला नसेल तोच त्याच्या हातात संगीताची सूत्रं असत. पुढे देशभर नाव कमावलेली गायिका किटी कॅलन तरुणपणी याच वाद्यवृंदाबरोबर गायली.

सामन्याची छापील पत्रिका डेव्ह झिंकॉफ काढत असे. कोर्टवरचा निवेदकही तोच. पत्रिकेवर क्रमांक असे, सोडत निघे आणि भाग्यवान प्रेक्षकाला कपड्यांच्या दुकानातून 19 डॉलर 99 सेंटचा सूट मिळे. मंदीचे दिवस होते. नवा सूट म्हणजे साधी गोष्ट नव्हती. झिंकॉफ सलामी वाटण्यासाठीही प्रसिद्ध होता. सलामी म्हणजे मसाला भरून मुरवलेल्या मांसाचा गठ्ठा. ज्याच्यावर प्रेम, त्याच्या हातात सलामी.

ब्रॉडवुडमध्ये भेटून लग्न झालेली कितीतरी जोडपी होती. आईबापही फारशी हरकत घेत नसत. मुलगी कुठे गेली, तर स्पाजच्या सामन्याला. तिथे आपलीच माणसं असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मांडवात जे होई, ते तिथे हंगामभर दर शनिवारी होत होतं. म्हणूनच या क्लबचा इतिहास नुसत्या विजेतेपदांच्या यादीतून सांगितला की मला तो उघडा-बोडका वाटतो.

तरीही, विजेतेपदं किती?

आधी ईस्टर्न लीगमध्ये 1929-30 पासून सलग तीन. मग अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये सात : 1933-34, 1935-36, 1936-37, 1939-40, 1940-41, 1942-43 आणि 1944-45. तेरा हंगामांत सात वेळा. उरलेल्या हंगामांत ब्रुकलिन व्हिजिटेशन्स, जर्सी रेड्स, न्यूयॉर्क ज्युएल्स, विल्मिंग्टन आणि बाल्टिमोर यांनी मान मिळवला.

ही लीग 1925 मध्ये मोठ्या थाटात देशव्यापी म्हणून सुरू झाली होती. मंदीत 1931 ला बंद पडली आणि 1933 मध्ये पुन्हा उभी राहिली ती पूर्व किनाऱ्यापुरती. रेल्वेने किंवा मोटारीने जाऊन त्याच रात्री परत येता येईल, अशा शहरांची. दिवसा नोकरी करणाऱ्या खेळाडूंना हीच लीग परवडणारी होती.

त्या वेळचा खेळ आजच्यासारखाच होता का?

आजच्या डोळ्यांना तो ओळखू येणार नाही. बराच काळ प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यवर्तुळात नेऊन उंच उडवला जाई आणि दोन्ही संघांचे उंच खेळाडू त्यासाठी उडी मारत. हा नियम 1937 च्या सुमारास गेला. चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेक करायला लावणारं घड्याळ 1954 चं, म्हणजे तोवर आघाडी घेतलेला संघ चेंडू हवा तितका वेळ आपल्याकडे फिरवू शके. गुण साहजिकच कमी होत. तिशी ओलांडली की चांगली धावसंख्या झाली असं मानत. (‘धावसंख्या’ म्हणून गेलो, क्रिकेटची सवय सुटत नाही. गुणसंख्या.)

चेंडूला फुटबॉलसारखी चामड्याची वादी असे. ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पळताना, तो वादीवर पडला की भलतीकडेच उसळे, म्हणून पळण्यापेक्षा पासवर भर. फेक दोन्ही हातांनी, पाय जमिनीवर रोवून. साय कॅसलमनचा हात या फेकीसाठी नावाजलेला होता. सुरुवातीच्या काही लीगांत कोर्टभोवती तारेची किंवा दोरीची जाळी असे. चेंडू बाहेर जातच नसे आणि खेळाडू जाळीवर आदळून सोलवटून निघत. अमेरिकन वर्तमानपत्रं बास्केटबॉल खेळाडूंना पुढे कितीतरी वर्षं ‘केजर’, म्हणजे पिंजऱ्यातले, म्हणत राहिली ती या जाळ्यांमुळे.

त्या काळचे इतर मोठे संघ कोणते? स्पाज त्यांच्याशी खेळला का?

दोन नावं घ्यायलाच हवीत. न्यूयॉर्कचा ओरिजिनल सेल्टिक्स (आजच्या बोस्टन सेल्टिक्सशी त्याचा संबंध नाही) आणि हार्लेममधला न्यूयॉर्क रेनेसान्स, म्हणजेच ‘रेन्स’. रेन्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ. सेंट किट्स बेटावरून आलेल्या बॉब डग्लस यांनी तो 1923 मध्ये उभा केला आणि ते त्याचे मालकही होते. 1925-26 च्या हंगामात स्पाजने या दोन्ही संघांना मालिकेत हरवलं आणि फिलाडेल्फियाच्या गल्लीतला हा संघ देशाच्या नजरेत भरला. स्पाजचा डेव्ही बँक्स पुढे सेल्टिक्सकडे गेला.

अमेरिकन लीगने रेन्सना कधीच आत घेतलं नाही. कारण फक्त रंग. तरी स्पाज आणि रेन्स लीगबाहेर वर्षानुवर्षं एकमेकांशी खेळत राहिले आणि या सामन्यांना गर्दी उसळत असे. स्वतः हिणवल्या गेलेल्या एका समाजाचा संघ त्याहून जास्त हिणवल्या गेलेल्या समाजाच्या संघाशी बरोबरीने खेळत होता. पण ज्या लीगमध्ये स्पाज विजेतेपदं मिळवत होता, तिचं दार रेन्सना बंद होतं. स्पाजवर प्रेम करताना हे विसरून चालत नाही.

बाहेरगावी त्यांना कशी वागणूक मिळे?

वाईट. छातीवर दाविदाचा तारा लावून 1930 च्या दशकात दुसऱ्याच्या गावात खेळायचं, म्हणजे शिव्या ठरलेल्याच. जर्मनीत नाझी सत्तेवर होते आणि अमेरिकेतही त्यांचे पाठीराखे उघडपणे सभा भरवत. कोर्टवर चेंडू घेऊन कडेने जावं तर प्रेक्षक पाय घालत, काहीबाही फेकून मारत. ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट हॉलमध्ये सज्जा कोर्टच्या अगदी डोक्यावर होता, तिथून काय येईल याचा नेम नसे.

या सगळ्याला उत्तर म्हणून बनियनवरची अक्षरं झाकायची असं कधी ठरलं नाही. एकदा 1926 ते 28 या दोन हंगामांत गॉटलिबने लीगसाठी ‘फिलाडेल्फिया वॉरियर्स’ या नावाने संघ उतरवला, पण ते नाव मागे पडलं आणि स्पाज पुन्हा स्पाज झाला.

एडी गॉटलिब हा मनुष्य कसा होता?

जन्म 1898, कीव. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. 1920 च्या दशकात त्याने खेळणं सोडलं आणि मग तो प्रशिक्षक, व्यवस्थापक, तिकीटविक्रेता, वेळापत्रककार, गाडीचा सारथी असं सगळंच झाला. संघ बाहेरगावी जाई तो बहुधा त्याच्या मोटारीत दाटीवाटीने बसून.

त्याचं डोकं म्हणजे चालतंबोलतं वेळापत्रक. पुढे व्यावसायिक लीगचं संपूर्ण हंगामाचं वेळापत्रक तो कितीतरी वर्षं हाताने कागदावर लिहून तयार करत असे. कुठलं सभागृह कुठल्या रात्री सर्कशीला दिलंय, कुठल्या शहरातून शेवटची गाडी किती वाजता सुटते, सगळं त्याच्या लक्षात असे. बेसबॉलमध्येही त्याने कृष्णवर्णीय संघांचे सामने ठरवण्याचं काम केलं आणि एड बोल्डन यांच्याबरोबर फिलाडेल्फिया स्टार्स या संघात त्याची भागीदारी होती. 1972 मध्ये त्याला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. 1979 मध्ये तो गेला. एनबीए, म्हणजे आजची अमेरिकेची सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीग, उत्कृष्ट नवोदित खेळाडूला जो चषक देते, त्याला बरीच वर्षं त्याचं नाव होतं. 2022 मध्ये ते बदलून विल्ट चेंबरलेनचं दिलं गेलं.

स्टेफ करीच्या वॉरियर्सशी स्पाजचा खरंच संबंध आहे?

स्टेफ करी हा एनबीएतल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचा नामांकित खेळाडू. संबंध आहे आणि थेट आहे. 1946 मध्ये मोठ्या क्रीडागृहांच्या मालकांनी बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका ही नवी लीग काढली. आइस हॉकीचे सामने नसतील त्या रात्री क्रीडागृह रिकामं पडून राहू नये, हा मूळ हिशेब. हीच लीग 1949 मध्ये एनबीए झाली. फिलाडेल्फियाच्या नव्या संघासाठी अनुभवी माणूस हवा होता, तो गॉटलिब. त्याने जुनं ‘वॉरियर्स’ हे नाव पुन्हा बाहेर काढलं, पीटी रोझेनबर्ग, जेरी फ्लीशमन, आर्ट हिलहाउस हे स्पाजचे गडी बरोबर घेतले, केंटकीच्या जो फुल्क्सला आणलं आणि पहिल्याच हंगामात शिकागो स्टॅग्सला 4-1 ने हरवून विजेतेपद मिळवलं.

त्या लीगचा पहिला सामना 1 नोव्हेंबर 1946 रोजी टोरोंटोत झाला. न्यूयॉर्क निक्सने यजमानांना 68-66 असं हरवलं. सामन्यातलं, म्हणजे एनबीएच्या इतिहासातलंच, पहिलं बास्केट ऑसी शेक्टमनचं. तोही स्पाजमध्ये खेळलेला.

1952 मध्ये गॉटलिबने वॉरियर्स 25,000 डॉलरना विकत घेतला आणि 1962 मध्ये 8,50,000 डॉलरना विकला. संघ सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि पुढे गोल्डन स्टेट वॉरियर्स झाला. जाण्याआधी, 2 मार्च 1962 रोजी हर्शी गावात विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात 100 गुण केले. त्या रात्री माइकवर कोण होतं? ब्रॉडवुडमध्ये सोडत काढणारा डेव्ह झिंकॉफ.

खेळाडूंपैकी आणखी कोण पुढे गेलं?

हॅरी लिटवॅक. टेम्पल विद्यापीठाचा तो 1952 ते 1973 मुख्य प्रशिक्षक होता. 373 सामने जिंकले, 1956 आणि 1958 मध्ये संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत नेला. इंकी लाउटमन, रेड वुल्फ, गोल्डमन, गॉथॉफर यांची नावं मात्र आज जुन्या प्रेक्षकांच्या नातवंडांनाच माहीत.

मग क्लब संपला कसा?

एका दिवसात नाही. 1946 नंतर गॉटलिबचं लक्ष वॉरियर्सकडे गेलं. अमेरिकन लीग दुय्यम झाली आणि 1949 मध्ये स्पाज तिच्यातून बाहेर पडला. युद्धावरून परतलेले तरुण सरकारी मदतीने महाविद्यालयांत गेले, लग्नं झाली, कुटुंबं साउथ फिलाडेल्फियाच्या गल्ल्या सोडून उपनगरांत राहायला गेली. अंगणात जागा आली, खांबावरची टोपली गेली. युद्धाच्या काळातच संघात इतर समाजांचे खेळाडू आले होते, तो आता पूर्वीसारखा ‘आपला’ राहिला नव्हता.

कुणी म्हणतं, एनबीएने त्याला गिळलं. मला ते पुरतं पटत नाही. ज्या वस्तीने तो संघ उभा केला, ती वस्तीच पांगली. ती तिथेच राहिली असती तर एनबीए आली तरी शनिवारची रात्र चालली असती, असं मला मनापासून वाटतं. ब्रॉडवुडची इमारतही आता नाही.

हार्लेम ग्लोबट्रॉटर्सशी नेहमी हरणारा संघ म्हणजे स्पाजच ना?

जवळपास. ग्लोबट्रॉटर्स म्हणजे करामती दाखवत फिरणारा प्रसिद्ध बास्केटबॉल संघ. शेवटच्या वर्षांत स्पाज हा ग्लोबट्रॉटर्सबरोबर गावोगाव फिरणारा प्रतिस्पर्धी संघ झाला. 1950 मध्ये गॉटलिबने तो लुई ‘रेड’ क्लॉट्झला विकला. क्लॉट्झ फिलाडेल्फियाचाच, गॉटलिबच्याच शाळेतला. उंची 5 फूट 7 इंच. स्पाजकडून खेळला आणि 1948 मध्ये बाल्टिमोर बुलेट्सबरोबर त्या नव्या लीगचा (पुढच्या एनबीएचा) विजेता झाला. ग्लोबट्रॉटर्सचा मालक एब सॅपरस्टीन याने 1952 मध्ये त्याला कायमचा प्रतिस्पर्धी संघ काढायला सांगितलं. तो वॉशिंग्टन जनरल्स, जनरल आयझेनहॉवर यांच्यावरून ठेवलेलं नाव. स्पाजचं नाव 1959 मध्ये मिटलं.

क्लॉट्झचे संघ हजारो वेळा हरले, पण मुद्दाम हरण्यासाठी तो खेळत नसे, हे त्याने आयुष्यभर ठासून सांगितलं. समोरच्यांनी करामती कराव्यात, आपण खरा बास्केटबॉल खेळावा, असा त्याचा बाणा. 5 जानेवारी 1971 रोजी टेनेसीतल्या मार्टिन गावात तो ‘न्यूजर्सी रेड्स’ या नावाने उतरलेल्या संघातून खेळत होता. वय पन्नास. अखेरच्या क्षणांत त्याने साउथ फिलाडेल्फियाच्या पद्धतीने, दोन्ही हातांनी, लांबून चेंडू फेकला. 100-99, ग्लोबट्रॉटर्स हरले. प्रेक्षागृह सुन्न झालं, लहान मुलं रडू लागली. कपडे बदलायच्या खोलीत शॅम्पेन नव्हती, म्हणून खेळाडूंनी क्लॉट्झच्या डोक्यावर संत्र्याचा सोडा ओतला.